फाइल संपली की वाचन तुटलं?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पतसंस्थेसाठी व्याज काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सी भाषेत, जेमतेम दीडशे ओळींचा. खातेदारांची यादी मजकुराच्या फाइलमधून ओळीओळीने वाचायची, व्याज काढायचं आणि दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचं, एवढंच काम. दहा नावं टाकून तपासलं, दहाच्या दहा बरोबर. तिमाही संपली आणि तिथल्या वयस्कर लेखनिकांचा फोन आला. "अहो, बेरीज जुळत नाहीये. यादीतल्या शेवटच्या खातेदाराला व्याज दोनदा पडलंय."

त्यांनी ते कसं पकडलं, ते सांगण्यासारखं आहे. संगणकाची बेरीज आणि वहीतली बेरीज यांत फरक आला, आणि तो फरक शेवटच्या ओळीतल्या रकमेएवढाच होता. मी मात्र दोन दिवस व्याजाचं सूत्र तपासत बसलो होतो. सूत्रात काहीच चुकलेलं नव्हतं. चूक फाइल वाचणाऱ्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या तुकड्यात होती, आणि ती चूक आजही कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये जशीच्या तशी सापडते.

लूप असा होता: जोवर एफईओएफ (फाइलच्या टोकाची खबर देणारं फंक्शन) खोटं आहे तोवर एफगेट्सने (ओळ वाचणारं फंक्शन) एक ओळ वाच आणि हिशेब कर. वाचायला अगदी साधं मराठी वाटतं, 'फाइल संपेपर्यंत वाचत राहा'. घोळ असा की एफईओएफ हे फंक्शन पुढे डोकावून बघत नाही. फाइल संपत आली आहे का, हे ते सांगूच शकत नाही. आधीच्या वाचनात आपण फाइलच्या टोकाला आपटलो होतो का, एवढंच त्याला ठाऊक असतं. विहिरीत पाणी आहे की नाही हे वरून दिसत नाही; बादली सोडायची, आणि ती रिकामी वर आली की समजायचं. एफईओएफ म्हणजे मागच्या खेपेला बादली रिकामी आली होती का, याची नोंद.

आता शेवटच्या ओळीपाशी काय होतं ते बघू. एफगेट्सने शेवटची ओळ तिच्या एंटरसकट उचलली. एंटर मिळाल्यावर ते थांबलं, त्यापुढे वाचायचा प्रयत्नच झाला नाही. म्हणून एफईओएफ अजून खोटंच. लूप पुन्हा फिरला. या वेळी एफगेट्सला काहीच मिळालं नाही, त्याने नल, म्हणजे 'काही नाही' हे उत्तर, परत दिलं आणि ओळ साठवायच्या मेमरीतल्या जागेला, म्हणजे बफरला, हात लावला नाही. मी ते नल बघितलंच नव्हतं. बफरमध्ये आधीच्याच खातेदाराची ओळ पडून होती, तिच्यावर पुन्हा व्याज लागलं.

मग माझ्या दहा नावांच्या चाचणीत हे का दिसलं नाही? कारण त्या फाइलमध्ये शेवटच्या नावानंतर मी एंटर मारला नव्हता. एंटर शोधता शोधता एफगेट्स टोकाला आपटलं, खूण तिथेच लागली आणि लूप वेळेवर थांबला. पतसंस्थेची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममधून निघालेली, तिच्यात प्रत्येक ओळीला एंटर होता. एका न दिसणाऱ्या बाइटवर सगळं अवलंबून होतं.

दोनदा व्याज हे तसं नशीबच म्हणायचं, कारण याच लूपची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. समजा फाइल पेनड्राइव्हवर आहे आणि वाचता वाचता कुणी तो उपटला. एफगेट्स नल देतं, पण हे टोक नव्हे, ही त्रुटी. एफईओएफ खोटंच राहतं, आणि खोटंच राहणार. लूप फिरत राहतो, बफरमध्ये जे काही असेल त्याच्यावर हिशेब होत राहतो, आणि लिहायची फाइल फुगत फुगत डिस्क भरून टाकते. शिवाय त्रुटी आल्यावर बफरमध्ये काय उरलं असेल याची सीचं मानक हमी देत नाही. टोकाला आल्यावर जुनी ओळ जशीच्या तशी राहते, त्रुटी आल्यावर तेवढाही भरवसा नाही.

सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे. बादली रिकामी येण्याची कारणं दोन: पाणी संपलं, किंवा दोर तुटला. सीची वाचणारी बहुतेक फंक्शनं दोन्ही वेळा एकच उत्तर देतात. एफगेट्स नल देतं, एकेक बाइट वाचणारं एफगेटसी ईओएफ नावाची ठरलेली किंमत देतं, एकदम बरेच बाइट वाचणारं एफरीड मागितलं त्यापेक्षा कमी देतं. संपलं की तुटलं, हे तुम्हाला वेगळं विचारावं लागतं, आणि त्यासाठीच एफएरर नावाचं फंक्शन आहे. दुरुस्त लूप म्हणजे एवढंच: वाचनाच्या उत्तरावरच लूप चालवायचा, एफगेट्स नल देईल तोवर. लूपच्या बाहेर आल्यावर, पहिलं काम म्हणून, एफएररला विचारायचं. ते खरं निघालं तर आतापर्यंत जमवलेला हिशेब अर्धवट आहे आणि तो पूर्ण म्हणून पुढे पाठवायचा नाही. एफईओएफचा लूपच्या अटीत काही उपयोग नाही. त्याची जागा असलीच तर लूपनंतर.

आता उघडण्याकडे येऊ. फाइल उघडणारं एफओपन अपयशी ठरलं तर नल देतं आणि ते तपासायचं, हे सगळे शिकवतात. तपासल्यानंतर काय, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. म्हणून जगभरचे प्रोग्रॅम 'फाइल उघडता आली नाही' एवढं पुटपुटून बंद पडतात. कुठली फाइल, आणि का? ते कारण एरनो नावाच्या चलात, आकड्याच्या रूपात असतं. लिनक्सवर २ म्हणजे त्या नावाची फाइल किंवा डिरेक्टरी नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे या चालू प्रोग्रॅमने आधीच कमाल मर्यादेइतक्या फाइली उघडून ठेवल्या आहेत. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात नाव तपासा, दुसऱ्यात प्रशासकाला सांगा, तिसऱ्यात स्वतःचा कोड बघा, कारण कुठेतरी एफक्लोज, म्हणजे फाइल बंद करणं, राहून गेलंय. पुष्कळ लिनक्स यंत्रणांवर ही मर्यादा मुळात १०२४ असते. म्हणजे दर फेरीत एक फाइल उघडी टाकणारा प्रोग्रॅम पहिल्या हजारभर फेऱ्या अगदी शहाण्यासारखा वागतो.

आकडे कोडमध्ये लिहायचे नसतात, त्यांना नावं आहेत. माणसाला दाखवायला पीएरर आणि स्ट्रएरर ही फंक्शनं आकड्याचा मजकूर करून देतात. फक्त एरनो अत्यंत नाशवंत वस्तू आहे. एफओपन फसल्यावर तुम्ही आधी प्रिंटएफने चार शब्द छापले आणि मग एरनो बघितलं, तर मधल्या प्रिंटएफने ते बदललेलं असू शकतं. म्हणून अपयश दिसताक्षणी ते एका साध्या चलात उचलून ठेवायचं, बाकीचं नंतर. आणि एरनो शून्य नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, असा उलटा अर्थ काढायचा नाही. यशस्वी झालेलं फंक्शन ते पुसायला बांधील नसतं, मागच्या कुठल्यातरी अपयशाचा आकडा तिथे आरामात पडून असतो.

काही जण एफओपनच्या आधी ॲक्सेस नावाच्या फंक्शनने 'फाइल आहे का, वाचता येईल का' असं विचारून घेतात. त्याने फायदा काही नाही. विचारणं आणि उघडणं यांच्यामध्ये फाइल बदलू शकते, जाऊ शकते, कुणी मुद्दाम दुसरीच आणून ठेवू शकतो. थेट उघडा आणि उत्तर बघा.

एफओपन यशस्वी झालं म्हणजे जिंकलो, असंही नाही. लिनक्सवर एक प्रयोग करून बघा: फाइलच्या नावाच्या जागी डिरेक्टरीचं, म्हणजे फोल्डरचं, नाव द्या आणि वाचण्यासाठी उघडा. एफओपन खुशाल यशस्वी होतं! पहिल्या वाचनाला मात्र एफगेट्स नल देतं, एफएरर खरं होतं आणि एरनोमध्ये २१ येतो, म्हणजे 'ही डिरेक्टरी आहे'. ज्या प्रोग्रॅमने फक्त नल बघितलं आणि एफएररला विचारलं नाही, त्याच्या लेखी ती रिकामी फाइल. तो छापतो, 'काम पूर्ण, एकूण नोंदी ०'. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात ही ओळ हिरव्या रंगात दिसते आणि कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. कोडचं परीक्षण करायला बसलो की मी सगळ्यात आधी हा प्रयोग करतो. डिस्क बिघडवावी लागत नाही, पेनड्राइव्ह उपटावा लागत नाही, आणि पाच सेकंदांत समोरच्याची सवय कळते.

एकेक बाइट वाचणाऱ्या एफगेटसीचा सापळा जरा बारीक आहे. नाव 'कॅरेक्टर आणून दे' असं असलं तरी ते कॅर (एका बाइटचा प्रकार) नव्हे, इंट (मोठा पूर्णांक) परत देतं. कारण बाइटच्या शक्य किमती ०पासून २५५पर्यंत, एकूण २५६, आणि त्याशिवाय 'काही नाही' सांगायला ईओएफ हा दोनशे सत्तावन्नावा निरोप लागतो. तो बहुतेक ठिकाणी उणे १ असतो. एका बाइटच्या खणात २५७ वेगवेगळ्या गोष्टी मावणार कशा? तरी लोक उत्तर कॅरमध्ये साठवतात. इंटेलच्या लिनक्स यंत्रांवर साधा कॅर उण्याच्या चिन्हासह असतो, म्हणून २५५ हा खराखुरा बाइटही उणे १ होऊन बसतो आणि लूप मध्येच थांबतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या लिनक्समध्ये कॅर चिन्हाविना असतो. तिथे उणे १ चे २५५ होतात, ते ईओएफशी कधीच जुळत नाहीत आणि तोच लूप कधीच थांबत नाही. एकच चूक, पण एका यंत्रावर फाइल अर्धी आणि दुसऱ्यावर अनंत.

यात आपल्यासाठी एक गंमत आहे. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या मजकुरात २५५ हा बाइट कधीच येत नाही. म्हणजे इंटेलच्या यंत्रावर तुम्ही आयुष्यभर मराठी मजकुराच्या फाइली वाचल्या तर ही चूक दिसणारच नाही. ज्या दिवशी कुणी फोटो देईल त्या दिवशी दिसेल, कारण जेपीईजी फाइलचा पहिलाच बाइट २५५ असतो. प्रोग्रॅम म्हणेल, फाइल रिकामी आहे.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर विंडोज. तिथे फाइल मजकूर पद्धतीने उघडली तर २६ हा बाइट, म्हणजे डॉसच्या काळातला कंट्रोल-झेड, फाइलचं टोक मानला जातो. पीएनजी चित्राच्या सुरुवातीला आठ ठरलेले बाइट असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मजकूर पद्धतीत १३ आणि १० ची जोडी एकच १० होते, आणि २६ला वाचन थांबतं. कित्येक केबींच्या चित्रातले पाच बाइट हाती येतात, आणि एफएररही स्वच्छ, कारण सीच्या लायब्ररीच्या मते फाइल खरोखर संपली. हे बाइट पीएनजी बनवणाऱ्यांनी मुद्दामच निवडले होते, असा घोळ पहिल्याच घासाला उघडा पडावा म्हणून. उपाय एका अक्षराचा: उघडताना 'आर'ऐवजी 'आरबी'.

एफरीडबद्दल बोलायचं तर त्याचं उत्तर बाइटांत नसतं, नगांत असतं. ६४ बाइटची एक नोंद, अशा नोंदी भरलेली फाइल, आणि कॉपी होताना ती साडेदहा नोंदींवर तुटली. १०० नोंदी मागितल्या तर एफरीड १० म्हणतं, टोकाची खूण लागते, त्रुटी नाही. उरलेले ३२ बाइट वाचले गेले, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. मला हे आवडत नाही, म्हणून मी नगाचा आकार १ ठेवतो, बाइट मोजून घेतो आणि ६४ने भाग देऊन बाकी उरते का ते स्वतः बघतो. बाकी उरली की फाइल संशयित.

फाइलच स्वतःबद्दल जे सांगते, ते तर जपूनच घ्यायचं. मथळ्यात लिहिलंय 'पुढे चार अब्ज बाइट आहेत' आणि प्रोग्रॅमने तेवढी मेमरी मागितली. किंवा आकार काढायला एफसीक (फाइलमध्ये टोकाला उडी) आणि एफटेल (आपण कितव्या बाइटवर आहोत) वापरलं, पण समोर फाइल नसून पाइप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून येणारा ओघ होता. एफटेलने अपयशाचं उणे १ दिलं, ते तसंच मेमरी मागणाऱ्या मॅलॉकला गेलं आणि तिथे चिन्ह गळून एक अवाढव्य धन आकडा झाला. २०१४ साली ओपनएसएसएल या सुरक्षित संदेशांसाठीच्या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची चूक गाजली होती. ती फाइलची नव्हे, नेटवर्कवरून येणाऱ्या संदेशाची, पण जातकुळी हीच. समोरचा सांगतो तितकी लांबी खरी मानली, प्रत्यक्षात किती बाइट आले ते ताडून बघितलं नाही, आणि एका संदेशामागे शेजारच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे बाइट परत जात राहिले. आकडा बाहेरून आला असेल तर आधी तुमच्या मर्यादेशी ताडा, मग प्रत्यक्ष वाचलेल्या बाइटांशी.

आता खास देवनागरीचे दोन खड्डे, जे इंग्रजी पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात.

पहिला ओळीच्या लांबीचा. 'गावाच्या नावाला २० अक्षरं पुष्कळ झाली' म्हणून २०चा बफर घेतला. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना आणि हलन्तसुद्धा. 'महाराष्ट्र' हा एक शब्द दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. एंटर आणि शेवटचं शून्य धरून बफर ३२चा हवा. २०च्या बफरमध्ये एफगेट्स १९ बाइट घेतं: 'महाराष' आणि हलन्ताच्या तीन बाइटांपैकी पहिला. ही त्रुटी नाही, नलही नाही, एफगेट्सने आपलं काम चोख केलंय. उरलेले अकरा बाइट पुढच्या फेरीत नवी ओळ म्हणून येतात आणि एका गावाच्या दोन नोंदी होतात, दोन्ही मोडक्या. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आहे का ते बघावं. नसेल आणि फाइलही संपलेली नसेल, तर ओळ कापली गेली आहे. पॉझिक्स (लिनक्ससारख्या) यंत्रणांवर गेटलाइन हे फंक्शन लागेल तेवढी मेमरी स्वतः वाढवून घेतं. पण तेही संपलं तरी उणे १ आणि तुटलं तरी उणे १ देतं, तेव्हा एफएररची सुटका नाही.

दुसरा खड्डा आकड्यांचा. फाइलमध्ये कुणी हौसेने '५००' असं देवनागरीत लिहिलं. मजकुराचा आकडा करणारं एटूआय त्याचे शून्य करतं आणि गप्प बसतं. फाइलमधून थेट आकडे वाचणाऱ्या एफस्कॅनएफकडे पूर्णांक मागितला तर ते ० देतं, म्हणजे 'काही जुळलं नाही', आणि ते चिन्ह जागेवरच सोडतं. लूपची अट 'ईओएफ येईपर्यंत' अशी असेल तर पुढच्या फेरीला तेच चिन्ह, त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच, आणि पंखा गरगरायला लागतो. अटीत ईओएफ नको. जितक्या गोष्टी मागितल्या तितक्या मिळाल्या का, हे विचारा. त्याहून बरं म्हणजे ओळ पूर्ण वाचून स्ट्रटोल या फंक्शनने आकडा काढा. आकडा कुठे संपला हे ते दाखवतं, आणि काहीच वाचता आलं नाही तर तेही कळतं.

त्रुटी पकडल्यावर काय करायचं, याला एकच उत्तर नाही. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने बिघडलेली फाइल सोडून पुढचं गाणं लावावं. व्याजाच्या प्रोग्रॅमने तसं करून चालणार नाही, त्याने थांबावं. इतरांनी वापरायचं फंक्शन लिहीत असाल तर आतून एक्झिट, म्हणजे अख्खा प्रोग्रॅम बंद करणारं फंक्शन, बोलावू नका. थांबायचं की नाही हे बोलावणाऱ्याला ठरवू द्या, तुम्ही 'मिळालं', 'संपलं' आणि 'तुटलं' असे तीन वेगळे निरोप परत द्या. मेमरी सोडणं आणि फाइल बंद करणं फंक्शनच्या शेवटी एकाच जागी ठेवा, आणि कुठूनही अपयश आलं तरी गोटू या उडी मारायच्या आज्ञेने तिथे जा. गोटू म्हटलं की मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडतात हे खरं, पण लिनक्स कर्नेलमध्ये ही पद्धत सर्रास आहे आणि दहा ठिकाणी एफक्लोज लिहून अकराव्या ठिकाणी विसरण्यापेक्षा ती बरी. नवी यादी वाचून जुनीवर लिहायची असेल तर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, सगळं सुखरूप झालं की नाव बदला. मधेच दोर तुटला तर जुनी यादी तरी शाबूत राहते.

चाचणीला रिकामी फाइल, शेवटी एंटर नसलेली, डिरेक्टरी आणि परवानगी काढलेली फाइल, एवढं तरी द्यावंच. परवानगीची चाचणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवली तर फाइल बिनदिक्कत उघडते, आणि कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या वेगळ्या बंदिस्त खोक्यात) आपण बऱ्याचदा नकळत रूटच असतो.

एक गोष्ट मात्र एफएररच्याही हाताबाहेरची आहे. पाठवताना फाइल नेमकी एखाद्या ओळीच्या शेवटी तुटली, तर वाचणाऱ्याला ती पूर्णच वाटणार. वाचन सुखरूप, टोकही खरं, फक्त शंभर खातेदार गायब. पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये नंतर आम्ही यादीच्या शेवटी एक जादा ओळ घालायला लावली: एकूण नोंदी इतक्या, रकमांची बेरीज इतकी. ती ओळ सापडली नाही, किंवा आकडे जुळले नाहीत, तर व्याज लावायचंच नाही. कल्पना माझी नव्हती. ते लेखनिक वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाला अशी ओळ आधीपासूनच लिहीत होते.